प्रोसेसर शेवटी

बेळगाव-निपाणी पट्ट्यात एखादा जुना डेस्कटॉप मंदावला, की दोन निकाल ठरलेले असतात. एक दुकानातला: ‘प्रोसेसर बदला, रॅम वाढवा, पळायला लागेल.’ दुसरा पुण्याला किंवा बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलाचा: ‘बाबा, भंगारात द्या, नवा घ्या.’ दोघांचे पटत नाही असे वाटते, पण दोघांची मूळ समजूत एकच आहे. जुनेपणा यंत्राच्या आत असतो आणि पैसे टाकले की तो जातो, असे दोघेही धरून चालतात. ही समजूत उथळ आहे.

माझे म्हणणे असे. डेस्कटॉपचा जुनेपणा तीन गोष्टी ठरवतात आणि तिन्ही प्रोसेसरच्या बाहेरच्या आहेत: त्यावर चालणारे काम, बोर्डावरचे सॉकेट आणि सॉफ्टवेअर कंपनीने जाहीर केलेली तारीख. या तिन्हींचा हिशेब न करता घातलेला प्रोसेसर म्हणजे बहुधा वाया गेलेला पैसा. हिशेब केला, तर सीमाभागातल्या पुष्कळ जुन्या यंत्रांत अजून काही वर्षांचे काम शिल्लक निघते. फक्त त्या खर्चाच्या यादीत प्रोसेसरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

१. यंत्र कशाची वाट पाहते

संगणक ‘स्लो’ झाला असे आपण म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळ नुसता वाट पाहत असतो. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला तीन अब्ज ठोके टाकतो. हवी ती माहिती रॅममध्ये असेल, तर ती हाती येईपर्यंत साधारण ६० ते १०० नॅनोसेकंद जातात. म्हणजे दोन-तीनशे ठोके फुकट. तीच माहिती मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर असेल, तर तबकडी फिरून तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायलाच सरासरी चार मिलिसेकंद लागतात, आणि डोके जागेवर सरकण्याचा वेळ धरला तर दहा-बारा. दहा मिलिसेकंद म्हणजे तीन कोटी ठोके. अशा यंत्रात ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर घातला तर तो तीनऐवजी चार कोटी ठोके वाया घालवतो, एवढाच फरक.

जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला नियम येथे नेमका लागू पडतो: एखादा भाग कितीही वेगवान केला, तरी एकूण फायदा त्या भागाच्या वाट्यापुरताच मिळतो. समजा, यंत्र सुरू होऊन टॅली उघडेपर्यंत ६० सेकंद लागतात आणि त्यांतले ४५ डिस्कचे, १५ प्रोसेसरचे आहेत. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घातला तर ६० चे साडेबावन्न होतात. गिऱ्हाइकाला कळणारही नाही. डिस्क काढून एसएसडी बसवली आणि ४५ चे ५ झाले, तर ६० चे २० होतात. एच६१ सारख्या जुन्या बोर्डाचा साटा मार्ग सेकंदाला ३ गिगाबिटचाच आहे, त्यावर एसएसडीचे चीज होत नाही, असे काही जाणकार सांगतात. सलग मोठी फाइल वाचताना ते खरे आहे. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून उचलते, आणि तेथे खरी बचत तबकडीची वाट पाहणे संपल्याने होते.

म्हणून पहिली पायरी पैशाची नाही, पाहण्याची आहे. यंत्र अडकले असताना टास्क मॅनेजर उघडावा. डिस्कसमोर १०० टक्के आणि प्रोसेसरसमोर १५ दिसत असतील, तर प्रोसेसरची चर्चा तेथेच थांबवावी. मेमरी ९० च्या वर असेल, तर रॅम कमी पडते आहे आणि विंडोज डिस्कलाच रॅम म्हणून वापरते आहे. डिस्कचा दोष वाटतो तो मुळात रॅमचा. प्रोसेसर खरोखर १०० वर चिकटलेला असेल, तरी आधी कॅबिनेट उघडून पंख्यातली धूळ काढावी आणि वाळून खडखडीत झालेली पेस्ट बदलावी, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो. ‘जुना झाला, साइट उघडत नाहीत’ म्हणून दुकानात आलेल्या यंत्रात कित्येकदा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. तारीख मागे जाते, सुरक्षा प्रमाणपत्रे जुळत नाहीत आणि जीएसटीचे पोर्टल दार उघडत नाही. चाळीस-पन्नास रुपयांच्या सेलचे काम प्रोसेसरच्या बिलावर जाऊ नये.

२. पट्टी बसते, पण चालते का

रॅम वाढवणे हा सल्ला प्रोसेसरच्या मानाने पुष्कळ बरा. पण तोही सरसकट देण्यासारखा नाही. आपल्याकडच्या असेंबल यंत्रांत जी३१, जी४१ आणि एच६१ हे चिपसेट फार आढळतात. जी३१ वर डीडीआर२ लागते आणि कमाल मर्यादा ४ जीबी. जी४१ वर बोर्डानुसार डीडीआर२ किंवा डीडीआर३, कमाल ८ जीबी. एच६१ वर डीडीआर३, दोन खाचा, १६ जीबीपर्यंत. तिघांतला फरक ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की समजतो. ४ जीबीवर आजचा ब्राउझर म्हणजे रोजची कटकट, आठवर काम सुरळीत, आणि सोळा जीबी दुकानाच्या किंवा घरच्या कामाला क्वचितच लागते.

यात ज्या गोष्टी ठोकर खाल्ल्यावरच कळतात त्या अशा. जी४१ वर डीडीआर३ ची ४ जीबीची पट्टी घालायची असेल तर तिच्यावर १६ चिपा हव्यात. आठ चिपांची नवी पट्टी खाचेत नीट बसते, पण बोर्ड तिला ओळखत नाही. डीडीआर२ ची ४ जीबीची स्वस्त पट्टी बाजारात दिसते, ती बहुधा फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणारी असते. एच६१ वर आठची एक पट्टी घालण्यापेक्षा चारच्या दोन सारख्या पट्ट्या घालाव्यात, म्हणजे दोन्ही मार्ग वापरले जातात. वेगळे ग्राफिक कार्ड नसेल तर त्याचा फायदा जास्त. आणि पावसाळ्यात बेळगावच्या दमट हवेत पट्टीचे सोनेरी दात काळवंडून यंत्र नुसते बीप-बीप करत बसले, तर रॅम ‘गेली’ असे मानण्याआधी खोडरबर वापरून पाहावे. दुकानातली पोरे तेच करतात, आणि बरोबर करतात.

खरी अडचण पुढची आहे. ३२ बिटी विंडोजला ४ जीबीच्या पलीकडे पाहता येत नाही, आणि त्या चारमधलाही काही भाग ग्राफिक कार्ड व इतर उपकरणांचे पत्ते खातात, म्हणून वापरायला सव्वातीन-साडेतीन जीबीच उरते. तेव्हा रॅम आठ केली, की ‘फॉरमॅट मारून ६४ बिटी टाकू’ हे ओघाने येते. ते ऐकायला निरुपद्रवी वाटते. पण ६४ बिटी विंडोजवर डॉसचे आणि १६ बिटी प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. ज्या सौहार्द सहकारी संस्थेचे जुने पिग्मीचे खाते किंवा ज्या तंबाखू व्यापाऱ्याचा वखारीचा हिशेब डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर आहे, त्याच्यासाठी रॅम वाढवण्याचा अर्थ काम बंद पडणे असा होतो. डॉसबॉक्ससारखा प्रोग्रॅम टाकून ते पुन्हा चालवता येते, पण प्रिंटिंग आणि फाइलींची कुलुपे यांत तो अडखळतो, आणि प्रोग्रॅम लिहिणारा माणूस गाव सोडून गेलेला असतो. रॅमची किंमत दुकानदार सांगतो. ही किंमत कोणी सांगत नाही.

३. सीमेवरच्या टेबलावरचे काम

येथे सीमाभाग पुण्या-बंगळूरपेक्षा वेगळा पडतो. निपाणीच्या पुष्कळ मुलांचे कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात. घर आणि रेशनकार्ड कर्नाटकात. फॉर्म शिवाजी विद्यापीठाचा, उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीचा. शेताचा उतारा कर्नाटकच्या ‘भूमी’ पोर्टलवरून निघतो, आणि सीमेपलीकडच्या भावकीची जमीन असेल तर सातबारा महाभूलेखवरून. झेरॉक्स आणि ऑनलाइन कामाचे दुकान चालवणाऱ्याच्या एकाच यंत्रावर कानडीचे नुडी, मराठीची श्री-लिपी किंवा आयएसएम आणि वर युनिकोड, असा तिहेरी संसार असतो. लग्नपत्रिका, सत्कारपत्रे, संस्थांचे अहवाल पेजमेकर आणि कोरल ड्रॉमध्ये, युनिकोडपूर्वीच्या फाँटांत साठवलेले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. फाइली मात्र कालपरवापर्यंत तयार होत होत्या.

ही सगळी जुळणी एका ठरावीक विंडोजवर, एका ठरावीक हार्डवेअर लॉकच्या जोरावर आणि बऱ्याचदा पॅरलल पोर्टला जोडलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर उभी असते. फाँट नव्या यंत्रात नेता येतो, हे मान्य. लॉकचा ड्रायव्हर मात्र नव्या विंडोजला मिळेलच असे नाही, आणि नव्या बोर्डावर पॅरलल पोर्टची जागाच नसते. म्हणून ‘भंगारात द्या’ म्हणणाऱ्या मुलाचा किमतीचा अंदाज चुकतो. तो पेटीची किंमत काढतो. बापाची कमाई त्या पेटीतल्या जुळणीवर चाललेली असते.

यावरून जुने जपावेच असा निष्कर्ष मी काढत नाही. युनिकोडकडे जायला आपण वीस वर्षे उशीर केला आहे, आणि दर वर्षी तो उशीर महाग पडतो. पण स्थलांतर हे एक वेगळे काम आहे. ते ठरवून, फाइली तपासून, दोन-तीन महिने दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून करायचे असते. प्रोसेसर खराब झाला म्हणून सोमवारी सकाळी घाईने करायचे नसते. जुन्या यंत्रावर थोडा खर्च करण्याचे खरे समर्थन हेच आहे: तो हा वेळ विकत घेतो.

४. सॉकेट: उद्यमबागेची सवय येथे चालत नाही

बेळगाव हे दुरुस्तीचे गाव आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलीचे दुकान काढले ते येथेच, आणि किर्लोस्कर रोड हे नाव अजून आहे. उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्र्या, लेथ, मशीन शॉप यांत वाढलेल्या माणसाला कुठलाही तुटलेला भाग पुन्हा घडवता येतो असे वाटते, आणि लोखंडाच्या बाबतीत ते खरे आहे. चाळीस वर्षांच्या लेथचा बुश झिजला तर नवा कातून बसवतात, कंपनी जिवंत असो वा नसो. हीच खात्री आपण संगणकाच्या कॅबिनेटमध्ये घेऊन जातो आणि तेथे फसतो. प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातला जोड कुठल्याही मशीन शॉपमध्ये होत नाही. तो जोड बदलायचा की ठेवायचा हे सर्वस्वी उत्पादक ठरवतो.

इंटेलचा इतिहास पाहा. ७७५ संपर्कांचे सॉकेट २००४ चे. २००९ मध्ये ११५६ आले, २०११ मध्ये ११५५. एका संपर्काचा फरक, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१. २०१७ मध्ये आठव्या पिढीच्या वेळी आकडा ११५१ च राहिला, तरी जुन्या ११५१ बोर्डांवर नवे प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. एएमडीने याच काळात उलटे करून दाखवले: एएम४ हे सॉकेट २०१६-१७ पासून चालले आणि २०२२ मध्ये कंपनीने पहिल्या पिढीच्या बोर्डांनाही बायोस बदलून रायझन ५००० ची वाट मोकळी केली. म्हणजे वारंवार सॉकेट बदलणे ही पदार्थविज्ञानाची सक्ती नव्हती. बऱ्याच अंशी तो धंद्याचा निर्णय होता.

त्यामुळे प्रत्येक जुन्या बोर्डाला एक छत असते. एच६१ चे छत म्हणजे २०१२ चा आय७-३७७०. आय३-२१०० काढून आय५-३४७० घातला तर दोनाचे चार खरे कोअर होतात. पण ३४७० तिसऱ्या पिढीचा असल्याने अनेक एच६१ बोर्डांना आधी बायोस अद्ययावत करावे लागते, आणि ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. प्रोसेसर बदलल्यावर पडदा काळा राहिला की मग दुकानाच्या फेऱ्या सुरू होतात. प्रोसेसरची उष्णता ६५ वरून ७७ वॅटवर जाते, म्हणून कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवरचा ‘४५० वॅट’ हा आकडा विश्वासाने वाचू नये.

बाजाराचा एक उफराटा नियमही ध्यानात घ्यावा. मेलेल्या सॉकेटवरचा सगळ्यात वरचा प्रोसेसर जुन्या बाजारात लवकर स्वस्त होत नाही, कारण त्या बोर्डांचे सगळे मालक त्याच एका नगामागे असतात. बंगळूरच्या एस.पी. रोडवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आय७-३७७० साठी घासाघीस करण्याआधी, कंपन्यांनी लीज संपल्यावर काढून टाकलेले पुढच्या पिढीचे अख्खे यंत्र कितीला मिळते ते विचारावे. मात्र अशा डेल किंवा एचपीच्या यंत्रांतल्या पुष्कळ मॉडेलांत बोर्डाची वीजजोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसते. त्याचा एसएमपीएस गेला तर गल्लीतल्या दुकानात बदली मिळत नाही.

मग प्रोसेसर बदलणे कधी योग्य? ज्याचे काम प्रोसेसरच खातो त्याच्यासाठी. कास्टिंगचे सिम्युलेशन, व्हिडिओ एडिटिंग, मोठ्या फोटोंचे काम करणाऱ्याने एसएसडी आणि रॅम झाल्यावर तो बदलावा, आणि बोर्डाच्या छतापर्यंतच. टॅली, टायपिंग आणि पोर्टलवर फॉर्म भरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

५. तारीख कोण ठरवते

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा-सुधारणांची एक वर्षाची सोय ठेवली. विंडोज ११ ला इंटेलची ढोबळमानाने आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. परिणामी २०१७ चा चार कोअरचा आय७-७७०० यादीबाहेर, आणि त्याच्यापुढे अगदीच लेचापेचा असलेला दोन कोअरचा सेलेरॉन एन४००० यादीत. वेग हा निकष असता तर यादी अशी लागली नसती. सुरक्षेसाठी लागणारी काही वैशिष्ट्ये नव्या पिढीत आहेत हे खरे. पण त्याचा अर्थ एवढाच, की यंत्राचे वय कंपनीच्या धोरणाने ठरले. कोअर २ च्या यंत्रांचा प्रश्न वेगळा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला लागणाऱ्या सूचना त्या प्रोसेसरांत मुळातच नाहीत, तेथे युक्तीनेही ती सुरू होत नाही.

६. आक्षेप

पहिला आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मी पूर्ण मान्य करतो. सुधारणा बंद झालेल्या विंडोजवरून बँकेचा व्यवहार किंवा लोकांच्या आधारक्रमांकांचे काम करू नये. उपाय काम वाटण्यात आहे. जुना पत्रव्यवहार, डीटीपी, डॉसचा हिशेब असलेले यंत्र इंटरनेटपासून तोडावे. पोर्टलचे काम दुसऱ्या यंत्रावर. ते एच६१ चेही असू शकते, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट घालून. डिजिटल सहीचे टोकन त्यावर चालते का, एवढे आधी तपासावे.

दुसरा, विजेचा. जुना डेस्कटॉप नव्या छोट्या पीसीपेक्षा ४० वॅट जास्त खातो असे धरू. दिवसाला आठ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ९६ युनिट. नऊ रुपये दर धरला तर वर्षाला नऊशेच्या आत. एवढ्या बचतीसाठी नवे यंत्र घेणे व्यापाऱ्याच्या गणितात बसत नाही. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राचे गणित मात्र वेगळे येईल.

तिसरा आक्षेप असा, की रॅम आणि डिस्क स्वस्त झाल्यावर नवेच घेणे शहाणपणाचे. २०२५ च्या अखेरीस हा युक्तिवाद लंगडा पडला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळल्याने तिचे भाव जगभर चढले, आणि मायक्रॉनने डिसेंबरमध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा क्रूशियल हा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. ज्याच्याकडे चालू डीडीआर४ चे यंत्र आहे त्याने ते आता तरी पुतण्याला खेळायला देऊ नये.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही: जुने यंत्र वापरणे कमीपणाचे दिसते. त्याला उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही.

७. खर्चाचा क्रम

आधी बॅकअप, हार्ड डिस्क दहा वर्षांची असेल तर आजच. मग साफसफाई, पेस्ट आणि सेल. त्यानंतर एसएसडी. मग बोर्डाच्या मर्यादेत बसणारी रॅम, पण ६४ बिटीवर जाण्याआधी आपला कुठला प्रोग्रॅम बंद पडेल त्याची यादी करून. एसएमपीएसवरच्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली असतील तर एसएसडी-रॅमच्या आधीच एसएमपीएस बदलावा. एवढे करून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर खरोखर १०० वर राहत असेल, तर आणि तरच सॉकेटचा आकडा पाहून पुढचा विचार.

विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे आणि गावात अभियांत्रिकीची अनेक महाविद्यालये आहेत. या भागातल्या दुकानांत, शाळांत, सौहार्द संस्थांत कोणते बोर्ड आहेत, त्यांवर कोणती रॅम चालते, कोणते बायोस लागते आणि कोणते जुने प्रोग्रॅम अजून वापरात आहेत, याची मराठी आणि कानडीत साधी नोंदवही करणे हे शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी चांगले प्रोजेक्ट आहे. प्राध्यापकांनी ते द्यावे.

आणि वाचकाने एवढे करावे. पैसे देण्याआधी बोर्डाचे मॉडेल आणि सॉकेट बिलावर लिहून मागावे. ११५५ किंवा त्यानंतर बाजारात आलेले (११५०, ११५१) असेल तर एसएसडी आणि आठ जीबी रॅमपर्यंत निःशंक खर्च करावा. ७७५ असेल तर फाइली काढून घ्याव्यात, यंत्र इंटरनेटपासून तोडून जुन्या कामापुरते चालेल तोवर चालवावे, आणि त्याच्या प्रोसेसरवर एक रुपयाही घालू नये.